वीतभर आत

आमच्या कास्तेलब्रुनोत न्हावी सोमवारी दुकान उघडत नाहीत. त्यामुळे रविवारच्या सामन्याचा निकाल रविवारी लागला, तरी न्यायनिवाडा मंगळवारी होतो. जागा माझं दुकान, वेळ सकाळी साडेनऊ, न्यायाधीश नेस्तोरे. खिडकीजवळची तिसरी खुर्ची त्याची. गेल्या वीस वर्षांत त्या खुर्चीत बसून त्यानं एकदाही केस कापून घेतलेले नाहीत, कारण कापायला काही उरलेलंच नाही. आधी माझ्या वडिलांनी त्याचे केस कापले, मग मी कापले, आता मी फक्त ऐकतो.

नेस्तोरेनं जन्मभर फरश्या बसवल्या. गावातल्या निम्म्या न्हाणीघरांत त्याच्या हातची फरशी आहे आणि त्यातली एकही तिरकी नाही, हे त्याच्या शत्रूंनीही मान्य केलं आहे. "माझी नजर रेघेवर बसलेली आहे," तो सांगतो. "ऑफसाइड मला झोपेतसुद्धा दिसतो."

फुटबॉलबद्दलची त्याची मतंही अशीच सिमेंटात बसवलेली. एक-शून्य हा माणसाला शोभणारा स्कोअर. चार-तीन म्हणजे बावीस जणांचा हलगर्जीपणा, त्याला टाळ्या कसल्या वाजवायच्या? गोलकीपरनं चेंडू पायानं खेळू नये, हातमोजे काय थंडीसाठी दिलेत त्याला? गुलाबी बूट घालणारा गडी पहिल्या धडकेत लोळतो. आणि सगळ्यात मोठा राग त्या व्हिडिओवर, जो हल्ली मोठ्या क्लबांच्या सामन्यांत पंच धावत जाऊन बघून येतात. "डोळे आहेत ना तुला? मग डबा कशाला बघतोस?" असं तो माझ्या दुकानातल्या टीव्हीला विचारतो. टीव्हीनं अजून उत्तर दिलेलं नाही.

अर्थात मतं आमच्याकडे कुणालाही असतात. नेस्तोरेचा अधिकार त्याच्या मतांमुळे नव्हता. तो साक्षीदार होता.

सदुसष्ट सालच्या मे महिन्यात शेजारच्या बोर्गोलेस्तोविरुद्ध आमचा शेवटचा सामना होता. जिंकलो असतो तर वरच्या गटात गेलो असतो. पाच मिनिटं उरली असताना आम्हाला पेनल्टी मिळाली. आमच्या ताराबुझीनं मारलेला चेंडू आडव्या खांबाला खालून लागला, जमिनीवर आपटला आणि बाहेर आला. पंच म्हणाला, गोल नाही. तेव्हापासून आम्ही खालच्याच गटात आहोत. गावात रस्ता खचला किंवा नळाचं पाणी गेलं की आजही कुणीतरी उसासा टाकून म्हणतं, ज्या गावाची पेनल्टी अशी लुटली गेली, त्याचं दुसरं काय होणार.

त्या वेळी नेस्तोरे गोलच्या मागं कुंपणाला टेकून उभा होता, दहा पावलांवर. "वीतभर आत," तो सांगायचा. "चुना उडाला. बोर्गोलेस्तोच्या गोलकीपरनं मागं बघितलं आणि टोपी डोळ्यांवर ओढली, चोरानं ओढावी तशी." ती टोपी आम्हा सगळ्यांना पाठ होती. ती वीत मात्र वर्षागणिक वाढत होती. गेल्या नाताळात त्यानं ती दाखवली तेव्हा कोपरापर्यंत आली होती.

त्याला आव्हान देणारा एकच माणूस, निवृत्त मोजणीदार उबाल्दो.

"चेंडूचा व्यास बावीस सेंटिमीटर," उबाल्दो चष्मा पुसत म्हणायचा. "तो पूर्ण रेघेपलीकडे जायला हवा. खांबाला खालून लागलेला चेंडू गिरकी घेत येतो. हिशेबानं हे कठीण आहे."

"तू होतास तिथं?"

"मी लष्करात होतो, उदिनेला. तुला माहितेय."

"मग तू उदिनेबद्दल बोल."

सगळे हसायचे आणि उबाल्दो वर्तमानपत्रामागं जायचा. बावन्न वर्षं हे असंच चालू होतं, आणि माझं म्हणाल तर मला त्यात काही खटकत नव्हतं.

गेल्या मार्चमध्ये फादर चेल्सो माझ्या दुकानाच्या काचेवर एक कागद चिकटवून गेले. आपल्या क्लबला शंभर वर्षं झाली, शनिवारी चार वाजता चर्चच्या सभागृहात कार्यक्रम. दिवंगत मास्तर झाकेल्लींच्या माळ्यावर त्यांनी स्वतः चित्रित केलेलं एक रीळ सापडलं होतं. सदुसष्ट, बोर्गोलेस्तो, पेनल्टी. उबाल्दोनं तो कागद दोनदा वाचला आणि त्याचा चेहरा नातू झाल्यासारखा उजळला. तिसऱ्या खुर्चीतला माणूस मात्र बोलत नाही हे बघून मी हातातला वस्तरा खाली ठेवला.

त्या आठवड्यात त्यानं फादरना तीनदा गाठलं. आधी म्हणाला, जुनी रिळं पेट घेतात. मग म्हणाला, मेलेल्या माणसाची वस्तू त्याच्या परवानगीशिवाय दाखवणं पाप आहे. तिसऱ्यांदा म्हणाला, सभागृहाची फरशी ओली आहे, वीज उतरेल. ती फरशी त्यानंच बसवलेली, म्हणून फादर जरा विचारात पडले, पण बधले नाहीत.

शुक्रवारी दुपारी शटर अर्ध्यावर ओढून मी जेवायला निघालो होतो, तर हा वाकून आत आला आणि खुर्चीत न बसता उभाच राहिला.

"एल्विओ, मी बघितला नाही."

"काय?"

"गोल. मी पाठ करून उभा होतो."

मग सगळं बाहेर पडलं. सोळाव्या वर्षी त्यानं ओळीनं तीन पेनल्ट्या बघितल्या, तिन्ही वाया गेल्या. चौथ्या वेळी सांडलेले दाणे उचलायला तो वळला आणि मागं गोल झाला. त्यानंतर आपल्या संघाची एकही पेनल्टी त्यानं बघितली नव्हती. मैदानात पाठ फिरवायची, घरी टीव्हीवर देशाचा सामना असेल तर संडासात जायचं.

आता, पाठ फिरवण्यात आमच्याकडे लाज कसली? कॉर्नर मिळाला की मी स्वतः शकुनासाठी कात्रीचं लोखंड धरतो. उबाल्दो हिशेबाचा एवढा भक्त, पण ज्या मोज्यांत संघ हरला ते मोजे तो पुन्हा पायांत घालत नाही. पण आम्ही कुणी साक्षीदार नव्हतो.

"उद्या सगळे बघणार," तो म्हणाला. "मंगळवारी मी कुठं बसू?"

"अहो, तेव्हा तुम्हाला केस होते. शिवाय पाठमोरे. कोण ओळखणार?"

त्यानं माझ्याकडे टक लावून बघितलं. "तू ओळखशील."

खरं आहे. मी गावाला मागून ओळखतो, तोच माझा धंदा. आणि नेस्तोरेचे कान कढईच्या कानांसारखे दोन बाजूंना उभे आहेत, ते केसांबरोबर गळलेले नाहीत.

"मी ओळखणार नाही," मी म्हणालो. त्यानं माझा हात दाबला. मला त्या रिळाचा मनापासून राग आला.

शनिवारी सभागृहात शिरायला जागा नव्हती. उबाल्दो पहिल्या रांगेत, मांडीवर पट्टी आणि पेन्सिल घेऊन. नेस्तोरे भिंतीकडेला, शेजारी त्याची बायको एर्सिलिया, काळी पर्स मांडीवर धरून. ही बाई माझ्या दुकानात कधी आलेली नाही. फुटबॉलबद्दल तिला कुणी काही विचारल्याचंही मला आठवत नाही.

दिवे गेले. पडद्यावर गोल दिसला, गोलच्या मागं कुंपण, कुंपणामागं माणसांची रांग. सगळ्यांचे चेहरे आमच्याकडे वळलेले, आणि बरोबर मधोमध एक मान. एकच. दोन बाजूंना दोन कान.

"हा कोण शहाणा?" कुणीतरी म्हणालं आणि सभागृह खदखदून हसलं.

ताराबुझी धावला. चेंडू सुटला. आणि तेवढ्यात मास्तर झाकेल्ली, देव त्यांना क्षमा करो, आनंदानं उडाले असावेत. पडद्यावर आभाळ आलं, मग घंटाघराचं टोक, मग मास्तरांचा बूट. रीळ संपलं.

दिवे लागले. पहिला आवाज अर्थातच उबाल्दोचा.

"फादर, जरा मागं घ्या. त्या मानेपाशी थांबवा." फादरनी थांबवलं. "आता बघा. या मानेच्या उजवीकडे पांढरा रुमाल बांधलेली मुलगी दाणे खातेय. ही एर्सिलिया. बरोबर? तेव्हा हिचं लग्न ठरलं होतं. मग लग्न ठरलेल्या मुलीला इतकं खेटून होणाऱ्या नवऱ्याशिवाय कोण उभं राहील?" तो माझ्याकडे वळला. "एल्विओ, तू मानांचा जाणकार. कुणाची मान ही?"

दोनशे माणसं माझ्याकडे बघायला लागली. नेस्तोरे बुटांकडे बघत होता. मी म्हणालो, "उजेड कमी आहे." असं वाईट खोटं मी आयुष्यात बोललो नसेन, कारण त्या मानेवर माझ्या वडिलांची कात्री फिरलेली मला स्पष्ट दिसत होती.

"माझ्या नवऱ्याची आहे," एर्सिलिया म्हणाली.

ती उठली नाही. पर्सची कडी उघडत आणि बंद करत बसल्या जागेवरूनच बोलली. "पेनल्टी आली की हा पाठ फिरवतो. तेव्हाही फिरवली. मग मला म्हणाला, काय झालं सांग. मी सांगितलं. चुना उडाला, टोपी ओढली, सगळं मी सांगितलं. बावन्न वर्षं हा माझंच बोलणं बोलतोय. फक्त वीत मी म्हटलं नव्हतं."

मघा हसणाऱ्यांची तोंडं उघडीच होती.

"मग किती?" उबाल्दोनं विचारलं.

"चार बोटं."

"चार बोटं म्हणजे चेंडू धरून, का चेंडू सोडून?"

"अख्खा चेंडू पलीकडे, आणि त्यानंतर चार बोटं."

"वहिनी, हिशेबानं ते..."

"तू होतास तिथं?"

उबाल्दोनं पट्टी खिशात घातली. मग टाळ्या वाजल्या, त्या एर्सिलियासाठी होत्या. तिच्याभोवती माणसं जमली, कुणी खुर्ची दिली, कुणी टोपीचा रंग विचारला. (हिरवी. इतक्या वर्षांत नेस्तोरेनं रंग कधीच सांगितला नव्हता.) नेस्तोरे मागच्या दारानं एकटाच निघून गेला. मंगळवारी तिसरी खुर्ची रिकामी होती. कुणी तिच्यावर कोटसुद्धा टाकला नाही, आणि गुलाबी बुटांबद्दल कुणी बोललं तर बोलण्यात दम नव्हता.

पुढच्या रविवारी घरच्या मैदानावर पुन्हा बोर्गोलेस्तो. नेस्तोरे आला, पण एर्सिलिया त्याला दंडाला धरून घेऊन आली होती, एका हातात बसायची गादी आणि दुसऱ्यात दाण्यांची पुडी. मी त्यांच्या वरच्या पायरीवर होतो. त्यांच्या खालच्या पायरीवर उबाल्दो, नव्या मोज्यांत.

विसाव्या मिनिटाला आम्हाला पेनल्टी. सगळ्या पायऱ्यांनी मान वळवून नेस्तोरेकडे बघितलं. तो ताठ उभा राहिला, हाताची घडी घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी बघणार आहे."

"नको," एर्सिलिया म्हणाली.

त्यानं बघितलं. साठ वर्षांत पहिल्यांदा. आमच्या गड्यानं मारलेला चेंडू कुंपणावरून, रस्त्यावरून, थेट पलीकडच्या द्राक्षमळ्यात गेला.

मग ओरडा सुरू झाला, आणि तो त्या गड्याच्या नावानं नव्हता. "कुणी सांगितलं होतं बघायला?" "तोंड वळवायला काय झालं होतं?" आठ दिवसांपूर्वी त्याच्या पाठीला हसलेली माणसं आता पुढच्या बाजूवर तुटून पडली होती. उबाल्दो तर पायरी चढून वर आला. रागानं त्याचा चष्मा धुरकटला होता.

"नेस्तोरे, सदुसष्टला तू पाठ फिरवलीस म्हणून निदान खांबाला तरी लागला. आज डोळे फाडून उभा राहिलास. गावाचं वाटोळं करायचंय का तुला?"

"हिशेबानं याचा काही संबंध आहे का?" नेस्तोरेनं विचारलं.

"हिशेब घाल खड्ड्यात. पुढच्या वेळी फिर."

दहा मिनिटं उरली असताना पुन्हा पेनल्टी मिळाली. अजून शून्य-शून्य. या वेळी दोनशे माणसांनी एका सुरात सांगितलं, "नेस्तोरे, फिर."

नेस्तोरेनं कोटाची कॉलर नीट केली. नगराध्यक्षाला फीत कापायला बोलावल्यासारखा तो सावकाश वळला आणि त्याचा चेहरा बरोबर माझ्यासमोर आला. त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते. म्हणजे पाठ फिरवूनसुद्धा हा डोळे मिटत होता. मी कात्री आणली नव्हती, म्हणून पायरीचा लोखंडी कठडा धरला.

"सांग," तो एर्सिलियाला म्हणाला.

"थांब. चेंडू ठेवतोय."

"आता?"

"धावला. मारला."

पुढचं तिला सांगायची गरजच नव्हती, अख्खं मैदान ओरडलं. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली, उबाल्दोनं माझ्या गुडघ्याला मिठी मारली. नेस्तोरे मात्र जागचा हलला नाही. तो वाट बघत होता. एर्सिलियानं तोंड त्याच्या त्या मोठ्या कानाशी नेलं आणि सांगायला लागली: डाव्या पायानं मारला, जमिनीलगत, गोलकीपर उजवीकडे पडला, त्याचा एक हातमोजा निसटला.

डोळे मिटूनच नेस्तोरेचे ओठ तिच्यामागून हलत होते. डावा पाय. जमिनीलगत. हातमोजा. तो पाठ करत होता. मंगळवारी साडेनऊला ते लागणार होतं.