हात पोचेल तिथवर

वसईच्या कचेरीच्या ओट्यावर बसून करारनामे लिहून देणारे ते गृहस्थ मजकूर ऐकताना टाक कानामागे खोचत आणि शंका फिटल्याशिवाय काढत नसत. त्यांचे नाव मी कधी विचारले नाही.

नंदाखाल गावातले माझे घर बांधून झाल्यावर भिंतींवरचे, फरशीवरचे चुन्याचे डाग काढायला चांदीप गावची एक बाई ठरवली. ती किंचित लंगडत असे. करार लिहायला तिला घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि मजकूर सांगितला, "सर्व घर साफ करून द्यावे."

"सर्व म्हणजे कुठवर?" टाक कानामागेच.

"हात पोचेल तिथवर लिहा," मी वैतागलो.

"कोणाचा हात? तुमचा की हिचा?" मग तिच्याकडे वळून, "बाई, पायाला काय झालं?"

"मागल्या घरात शिडीवरना पडले. कागदात सगला घर लिवलेला, म्हनून मालकानं चढवली. आता नाय चढनार."

त्यांनी तिला भिंतीशी उभे केले, हात वर करायला लावला आणि पट्टीने मोजले. सहा फूट चार इंच. तोच आकडा कागदात गेला. मला हा फाजीलपणा वाटला.

बाईने तेवढे घर लख्ख केले. वरचे डाग खरवडायला मी स्वतः चढलो. पाचव्या पायरीवर शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि डाग तसेच ठेवून उतरलो.

पुढे कचेरीत भेटल्यावर त्यांनी विचारले, "झालं का घर साफ?"

"तिचं झालं. वरचं माझं राहिलंय."

"शिडी हलते ना?" एवढेच म्हणून त्यांनी कानामागचा टाक काढला.