निंगबोची आई

स्पाइन रोड निम्मा सरला तेव्हा गोजाबाईंनी पायातली चप्पल काढून पिशवीत टाकली. मोशीपासून चिंचवडच्या मोरयापर्यंत अनवाणी जायचं असं त्यांनी अंगारकीला बोलून ठेवलं होतं. पण सकाळी निघताना चारचौघी दारात उभ्या होत्या, चप्पल नवी होती आणि चीनची होती.

"आता बगायला कुनी न्हाई," त्या म्हणाल्या.

"गणपती बघतो की," बरोबर चालणाऱ्या सुहासिनीबाई म्हणाल्या.

"त्याला आनवानी पाय दिसतील. बायांना चप्पल दिसली. ज्याला जे पायजे ते मिळालं."

सुहासिनीबाई काळेवाडीच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. मोशीत ज्या इमारतीत त्या राहत, ती गोजाबाईंच्याच जुन्या कांद्याच्या वावरावर उभी होती. शिवाय गोजाबाईंची सून सायली त्यांची विद्यार्थिनी. त्यामुळे सासू आणि सून, दोघींचं ऐकून घ्यायचं काम आपोआप त्यांच्याकडे आलं होतं.

गोजाबाईंचा गणराज चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत होता. कंपनीनं त्याला तीन वर्षांसाठी चीनमधल्या निंगबो शहरात पाठवलं, सायली बरोबर गेली. एकोणिसाव्या मजल्यावर घर मिळालं, खिडकीतून खाली बघितलं की गरगरायचं. भाषा येईना, म्हणून मोबाइलमध्ये मराठीत बोलायचं आणि मोबाइल चिनीत बोलणार, अशी सोय. पहिल्याच आठवड्यात गणराजनं दुकानदाराला कडीपत्ता कुठे मिळेल म्हणून विचारलं. मोबाइलनं त्यातली कडी वेगळी केली आणि पत्ता वेगळा केला. दुकानदारानं दोघांना सन्मानानं कुलूपवाल्याकडे नेऊन पोचवलं.

अशा रीतीनं दोघं स्थिरावली. वर्षभरात इरा झाली. भोसरीतल्या ऑफिसचं डिझाइनचं काम सायली तिथूनच करायची, तिची बाळंतपणाची रजा संपत आली, म्हणून गोजाबाई सहा महिन्यांसाठी नातीला सांभाळायला गेल्या. आणि तीन महिन्यांत परत आल्या. "हवा मानवंना" एवढंच म्हणाल्या. पुन्हा जायचं नाव काढेनात. सायलीनं रजा वाढवून घेतली होती, तीही संपून एक तारखेला तिला कामावर हजर व्हायचं होतं. सासू गेली नाही, तर इराला घेऊन तिला मोशीला यावं लागणार आणि गणराज उरलेला काळ एकटा काढणार. परवाच ती फोनवर रडकुंडीला आली होती. गोजाबाई म्हणाल्या, "तिकडंच एखादी बाई लाव कामाला. आन तिला म्हन आई!" पलीकडे सायली एकदम गप्प झाली होती. तिला टोमणा बरोबर लागला, असं गोजाबाईंना वाटलं.

हवेचं खरं धरावं, तर मोशीत त्यांनी निंगबोची नुसती आरती लावली होती. तिथली म्हातारी माणसंसुद्धा पहाटे मैदानात गाणी लावून नाचतात, आपण त्यांना फुगडी शिकवली, हे सांगून झालं. आणि सगळ्यांत वरची गोष्ट ही, की त्या इमारतीतली झाडून सगळी माणसं त्यांना आई म्हणायची. लिफ्टमधली पोरं आई, वॉचमन आई, समोरच्या घरातली शेजारीण आई.

"हितं चाळीस वर्सं कुनी ताई म्हनलं न्हाई, तिकडं लगीच आई?" बबनराव म्हणाले होते.

"मान्सं वळखायला डोळं लागत्यात," गोजाबाईंनी नवऱ्याला सुनावलं होतं.

आता रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या सुरू झाल्या होत्या. सुहासिनीबाईंनी हळूच विचारलं, "गोजाबाई, खरं सांगा. एवढा मान होता, मग आलात का?"

गोजाबाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "मान हुता तवर हुता, बाई. एका दिसात समदी फिरली."

"म्हणजे?"

"म्हंजी सकाळी लिफ्टमदी गेले. रोज आई म्हननारं पोरगं माज्याकडं बगतंय आन म्हनतंय, नाय नाय! खाली वॉचमन उटून उबा ऱ्हायला, दार उगडलं, आन त्यो बी नाय नाय. शेजारनीची कचऱ्याची पिशवी मी रोज खाली न्यायची, घरच्यावानी. त्या दिशी उचलाय गेले, तर तिनं माजा हातच धरला. नाय नाय नाय! पिशवी हिसकून घेतली वो."

"आणि मग?"

"मग काय? मी काय लई शिकलेली न्हाई, पर नाय म्हंजी काय ते समजतंय मला. आदल्या दिशी सायली मोबाइलवर इमारतीतल्या लोकांना कायतरी लिवत हुती. तिनंच सांगितलं आसनार, आमच्या सासूला आई म्हनू नका. कुना सुनंला खपतंय?"

सुहासिनीबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. "सायलीनं लिहिलं, हे खरं आहे. तिनंच मला सांगितलं. तिनं लिहिलं, या इराच्या आजी आहेत. तिकडं बापाच्या आईला नायनाय म्हणतात."

गोजाबाई रस्त्यातच थांबल्या. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्यानं करकचून ब्रेक दाबला आणि "ओ मावशी!" म्हणून ओरडून गेला.

"नायनाय म्हंजी आजी?"

"आजी."

"वॉचमन मला आजी म्हनून उटून उबा ऱ्हायला? आन मी फुगून इमानात बसले?" त्यांना हसू लोटलं. तोंडावर पदर धरून त्या हसल्या. मग हसता हसता पदर खाली आला. "पर मग आदी समदी आई का म्हनत हुती?"

सुहासिनीबाईंना हाच प्रश्न नको होता. आई म्हणजे आईच, असं सांगून टाकलं असतं तर भागलं असतं. पण पोटात उपास, दिवस अंगारकीचा आणि वाट मोरयाची.

"तुम्हाला सायली, गणराज आई म्हणायचे. लोकांनी ते ऐकलं. त्यांच्यात तसाच शब्द आहे, आयी. आयी म्हणजे मावशी."

"बरं मग? मावशी बी चांगलीच."

"धुण्याभांड्याला येतात, त्या मावशींनाही आयीच म्हणतात."

पुढचा चौक आला.

"म्हंजी शेजारनीनं ते रबराचं हातमोजं दिलं," गोजाबाई सावकाश म्हणाल्या, "ती वटी नव्हती."

"नसावी."

"आन मी तिला हळदीकुकू लावलं! उलट नाचणीचं पापड दिलं!"

"तिला आवडले म्हणे."

"आवडनारच. कचरा बी न्यायची आन पापड बी द्यायची, आशी बाई तिला कुटं घावनार!"

सुहासिनीबाई हसल्या नाहीत, म्हणून गोजाबाईच हसल्या. पण चाल मंदावली. फोनवरचा आपलाच टोमणा त्यांना आठवला. कामाला बाई लाव आणि तिला आई म्हण. सायली का गप्प झाली ते आत्ता उमगलं. पोरगी बिचारी सांगणार तरी काय? नायनायचा अर्थ सांगावा, तर आईचाही सांगावा लागला असता.

"बाई," त्या म्हणाल्या, "तुमाला समदी बाई म्हनत्यात, ती शाळंतली. आमच्याकडं भांडी घासती ती रंभा, ती बी बाईच. मी इचारते बी तसंच, आज बाई आली का गं? आन मी तर बारशापासनं गोजाबाई. ह्यातली माजी बाई कंची?"

सुहासिनीबाईंनी आयुष्यभर व्याकरण शिकवलं होतं. त्यांनी गोजाबाईंच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली.

चिंचवडला पोचल्यावर गोजाबाईंनी रांगेत उभं राहून दर्शन घेतलं. काय मागितलं ते सांगितलं नाही. मग घाटाच्या पायरीवर बसून दोघींनी एकेक केळं खाल्लं.

"सायलीला सांगा, तिकीट काड म्हनावं," गोजाबाई एकाएकी म्हणाल्या. "नातीला काय कळतंय कोन आई, कोन नायनाय? तिला मांडी लागती."

"तुम्हीच सांगा की. तुमच्या तोंडून ऐकलं तर बरं वाटेल तिला."

"मी नुसतं येते म्हनंन. तिला वाटतंय सासूला आईचं म्हाईत न्हाई. वाटू द्या."

त्यांनी पिशवीतून चप्पल काढली, पाय पदरानं पुसले आणि ती नीट पायांत घातली. परतीच्या बसला मोशीच्या बायका भेटणार होत्या. उठता उठता त्यांनी सुहासिनीबाईंचा हात धरला.

"आन एक ऐका. तुमी सोसायटीच्या अंकात लिवता. आज ना उद्या माजं बी लिवाल, मला म्हाईत हाय. लिवा, नको कोन म्हनतंय? पर निंगबोचं लिवलंत, तर आईपातूरच लिवा, बाई. फुडचं गाळा."