दुसरी वेलांटी

वर्तमानपत्राच्या कचेरीत तिला सगळे वेलांटीबाई म्हणत. जिन्याखालच्या खोलीत बसून चौदा वर्षं तिनं दुसऱ्यांच्या लेखांतल्या चुका दुरुस्त केल्या आणि डोळ्यांचं मातेरं करून घेतलं. सगळ्यांत जास्त लाल शाई संपादकांवर खर्ची पडायची. ‘आणी’ लिहिणारा हा गृहस्थ, पण तोरा असा की भाषा जशी यांच्याच घरी पाणी भरते.

अखेर तिनं स्वतःची एक कथा लिहिली. नवरा म्हणाला, "हे खूळ आता कुठून काढलंस?" तरी ती कथा घेऊन संपादकांपुढे उभी राहिली. त्यांनी ती न उघडताच चहाच्या कपाखाली सरकवली.

"बाई, तुम्ही वेलांट्या बघा. लिहायचं काय ते आम्ही बघू."

कपाचं ओलं वर्तुळ उमटलेली कथा उचलून ती खाली आली. टेबलावर उद्याचं पहिलं पान तपासायला पडलं होतं. वर संपादकांचा हसरा फोटो, खाली ठळक मथळा: ‘आमच्या संपादकांचा गौरवदिन’. त्यात एकही चूक नव्हती. तिनं लाल पेन उचललं, ‘दि’ची पहिली वेलांटी खोडून दुसरी दिली आणि पान छापायला पाठवलं.

सकाळी अख्ख्या गावानं ‘गौरवदीन’ वाचलं. एका वेलांटीनं दिवसाचा भिकारी केला होता. संपादक दातओठ खात जिना उतरून आले.

"हे कुणी लिहिलं?"

चौदा वर्षांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

"मी," ती म्हणाली.