हातात दिलेली मिरची

परळच्या आमच्या चाळीमागे, नळाच्या मोरीला लागून माझा सहा फुटी वाफा होता. विटा मी एका पाडलेल्या भिंतीच्या ढिगातून घासाघीस करून आणल्या होत्या, माती गावाहून पोत्यातून. त्यात लवंगी मिरचीची नऊ रोपं. डोक्यावरच्या टोपलीपासून दादरच्या बाजारातल्या गाळ्यापर्यंत मी पोचलो होतो, पण माझी म्हणावी अशी जमीन तेवढीच.

ती चाळमालकाच्या भाडं गोळा करणाऱ्या मेहत्याला खुपली. "भिंतीला ओल येते. तळमजल्यावरच्या सगळ्यांच्या सह्या आणा, नाहीतर सोमवारी उखडतो."

पाच खोल्यांच्या सह्या मी दोन दिवसांत मिळवल्या. कुणाला मिरच्या कबूल केल्या, कुणाला दम दिला. उरली शेजारीण. तिचा नवरा गिरणीत साच्यावर कापड विणायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात पकडला गेला होता.

"सही करीन भावोजी, पण रोज मूठभर मिरची लागेल. पोरांना भाताबरोबर दुसरं काय घालू?"

"रोज नाही. एक दिवसाआड."

"मग सहीपण अर्धीच करते."

रोजची कबूल केली. सही रविवारी द्यायची ठरली.

रविवारी सकाळीच संचारबंदी लागली. बाजार बंद. ती ताटली घेऊन वाफ्याशी आली. मी मिरच्या खुडत होतो, तेवढ्यात शिट्ट्या वाजल्या आणि पोलिसांची गाडी गल्लीत वळली. "आत पळा!" मी ओरडलो, आणि तिने ताटली पुढे करायच्या आत मूठ तिच्या तळहातावर रिकामी केली.

तिने हात झटकला. मिरच्या मोरीत गेल्या.

आमच्या कोकणात मिरची हातोहात देत नाहीत. खाली ठेवायची, घेणाऱ्याने उचलायची. नाहीतर दोन घरांत भांडण लागतं. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यासाठी आईचे फटके खाल्लेत.

"मुद्दाम केलात ना? घरधनी आत, आणि तुम्ही भांडण हातात देताय?"

"गाडी दिसत नाही तुम्हाला?"

"माका नको तुमची मिरची. सही पण मिळाची नाय."

माझं डोकं फिरलं. "तुमच्या नवऱ्याला मी नाही धाडलं तुरुंगात," म्हणालो. दारं बंद होती, पण ऐकलं साऱ्या चाळीने.

दुपारी कागद घेऊन गेलो. तिने कडी काढली नाही.

सोमवारी संचारबंदी उठताच मेहत्याची दोन माणसं कुदळी घेऊन आली. पाच सहीवाले कठड्याला टेकून बघत होते. रोपं मीच उपटली. परक्याचा हात लागू दिला नाही. होत्या तेवढ्या मिरच्या वाटीत घातल्या आणि वाटी तिच्या उंबऱ्यावर ठेवली. खाली, रीतसर.

संध्याकाळी वाटी माझ्या खिडकीत परत आली. घासलेली, रिकामी. शेजारची वाटी कुणी रिकामी परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतात. तिलाही ते ठाऊक होतं.

पुढे तिचा नवरा सुटून आला. चाळ हार घेऊन नाक्यापर्यंत गेली. मी गाळ्यावरच बसून राहिलो. मला बोलवायलाही कुणी आलं नाही.