तिसरी चिठ्ठी

डांबरगोळ्यांचा वास आला की मला आष्टीतलं मामांचं जुन्या कपड्यांचं दुकान आठवतं. नव्वदच्या दशकात तिथे परदेशी वापरलेल्या कपड्यांचे गठ्ठे येत. एका गठ्ठ्यातून छपराएवढं लाल कापड निघालं, त्याला लांब दोऱ्या आणि टोकाला दोन मुठी. वर किमतीच्या दोन चिठ्ठ्या, दोन निराळ्या लिप्यांत. "दोन मुलखांत इकलं, तरी फाटलं न्हाई," म्हणत मामांनी ते ताडपत्री म्हणून विकलं. घेणाऱ्याने दुकानासमोरच ते कडब्याच्या गाडीवर टाकून दोऱ्या जुवाला बांधल्या. वेशीबाहेरच्या माळावर वारा सुटला, कापड फुगून आभाळात चढलं, जू उचललं गेलं आणि गळ्यातले पट्टे आवळून बैलांचे डोळे पांढरे झाले. त्याने विळ्याने एक दोरी तोडली तेव्हा कुठे कापड लोळत खाली आलं. "मामा, हे ठिवू नका," एवढंच बोलून त्याने ते दुकानात परत आणून टाकलं. मामांनी दोरीला गाठ मारली आणि तिसरी चिठ्ठी चिकटवली. पुढच्या बाजाराला एकाने कापड चाचपलं. "पोरीच्या मांडवाला चालंल का?" "लई मजबूत हाय," मामा म्हणाले. परवा टीव्हीवर समुद्रकाठी माणसाला उचलून नेणारा तसलाच पतंग पाहिला. पहिल्या दोन चिठ्ठ्या लावणाऱ्यांनी तो का विकला असेल ते कळलं. मांडवाचं काय झालं, ते मात्र आजवर कुणी सांगितलेलं नाही.