फाइलमधलं ‘परवायिल्ल’

मुरुगेसन दोन वर्षं अंथरुणाला खिळून होता. भाजीबाजारात पोती उचलायचं काम करायचा. एकदा ओल्या पायरीवरून खांद्यावरच्या पोत्यासकट पडला आणि कमरेखालचा जोर गेला. अड्यार नदीच्या काठच्या वस्तीत त्यांची एक खोली. तो भिंतीकडची बाजू धरून पडलेला असायचा. उरलेल्या जागेत बायको सेल्वी मोगऱ्याचे गजरे गुंफायची, अकरा वर्षांची कविता अभ्यास करायची आणि स्टोव्ह जळायचा. संध्याकाळी सेल्वी देवळापाशी गजरे विकायला जायची. मग मुरुगेसनला घोटभर पाणी द्यायलाही कोणी नसे, म्हणून कविता शाळा सुटली की धावत घरी यायची. शाळा आणि घर, यापलीकडे त्या मुलीनं दोन वर्षांत काही पाहिलं नव्हतं.

हे सगळं मी फाइलमध्ये व्यवस्थित लिहिलं होतं. इंग्रजीत, टापटीप अक्षरात. आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘कुटुंबाला सहलीची पर्वा नाही. नाव कमी करावे.’ खाली माझी सही.

मी तेव्हा चेन्नईतल्या एका छोट्या संस्थेत फील्ड ऑफिसर होते. मोबाइलवर इनकमिंग नुकतं फुकट झालं होतं, तो काळ. नवऱ्याची बदली नुंगंबाक्कमच्या बँकेत झाली, मी सोबत आले आणि तीन महिन्यांत नोकरी मिळवली. मिळवली म्हणते, कारण कुणाच्या ओळखीनं लागली नव्हती. माझी आई सोलापुरात विड्या वळायची. आमच्या घरात पहिली पदवी माझी आणि पहिली धड सहीही माझीच. आई अंगठा लावायची. त्यामुळे सही करताना मी आजही पेन जरा जोरातच दाबते.

संस्थेचं काम सोपं होतं. अडचणीतल्या कुटुंबांना वर्षातून एक दिवस सहलीला न्यायचं आणि प्रत्येक घराला एक भेट द्यायची. भेट आम्ही ठरवायची नाही, त्यांनी मागायची. सहल वंडलूरच्या प्राणिसंग्रहालयात. एक बस, बारा कुटुंबं. नियम एकच होता आणि तो आमच्या डायरेक्टर वसंता मॅडमनी घातला होता. जायचं तर अख्ख्या घरानं. पूर्वी मुलंच यायची आणि आया घरी भांडी घासत बसायच्या, ते मॅडमना खपत नव्हतं. आता घरातलं कोणी मागे राहणार असेल तर त्या घराचं नाव यादीत नाही.

नाव घालण्याआधी आम्ही होम व्हिजिट करायचो. म्हणजे घरी जाऊन बसायचं, बोलायचं, पाहायचं. परत येऊन जे लिहायचं ती केस नोट. त्या नोटवरून नाव राहायचं किंवा जायचं.

सेल्वीकडे मी बसले, तिला सगळं समजावलं. माझं तमिळ पुस्तकातून शिकलेलं, पण काम चालायचं. सहलीबद्दल सांगितलं, जेवणाबद्दल सांगितलं, अख्ख्या घरानं यायचं हेही सांगितलं. ती कळ्या ओवत होती. वर न बघता म्हणाली, “परवायिल्ल.”

‘इल्ल’ म्हणजे नाही, हे मला ठाऊक होतं. आणि ‘परवा’? तो तर आपलाच शब्द! मला आनंदच झाला. पुस्तक न उघडता कळलेला पहिला तमिळ शब्द. पर्वा नाही.

मग मी भेटीचं विचारलं. “परवायिल्ल.”

“निदान कविताला तरी पाठवाल का?” मी नियम मोडून विचारलं.

“परवायिल्ल, मॅडम.”

तीनदा. मला राग आला. आपण उन्हातून चालत येतो आणि ही बाई तोंडावर सांगते, पर्वा नाही. खरं तर मला त्या शहराचाच राग येत होता. घरमालकीणबाईंची वाटी परत द्यायला उशीर झाला, त्या म्हणाल्या ‘परवायिल्ल’. फुलवालीकडे सुट्टे नव्हते, ती म्हणाली ‘परवायिल्ल’. बसमध्ये एका आजोबांच्या पायावर माझा पाय पडला, तेही तेच. मी फोनवर आईला सांगितलं होतं, माणसं वाईट नाहीत गं, पण फार बेपर्वा आहेत.

तर ती नोट मी लिहिली. सेल्वीच्या जागी दुसरं कुटुंब आलं आणि यादी पक्की होऊन गेली.

दुसऱ्या दिवशी राव काकांनी मला हाक मारली. ते आमचे ऑफिस असिस्टंट, साठीच्या घरातले. घराणं मूळचं तंजावरचं मराठी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलुखात राहिलेलं. त्यांची मराठी ऐकली की जुना कागद उलगडल्यासारखं वाटायचं, आणि मध्येच तमिळ सूर लागायचा. ते फाइली कपाटात लावत होते.

“बाई, हे काय लिहिलां आहां तुम्ही? पर्वा नाही म्हणून?”

“ती म्हणाली तसं, काका.”

“काय म्हणाली? तिचा शब्द सांगा.”

“परवायिल्ल. एकदा नाही, तीनदा.”

काका हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईतो हसले. मग हातातल्या फाइलकडे पाहून एकदम थांबले.

“अहो बाई, ती तसं नाही म्हणाली. ‘असू द्या, तुम्हाला त्रास नको’ म्हणून म्हणाली. कोणी पाय तुडवला, की आम्ही म्हणतों परवायिल्ल. जेवण कमी पडलं, परवायिल्ल. शब्द तुमच्याकडूनच आला असेल कधीतरी. इकडे राहून मऊ झाला.”

मला आधी आजोबांचा पाय आठवला. मग वाटी. मग सेल्वीची खाली घातलेली मान.

मी टेबलावरचं व्हाइटनर उचललं आणि फाइल घेऊन मॅडमच्या खोलीत गेले.

“मॅडम, माझी एक चूक झाली.”

“बोला.”

मी सांगितलं. मॅडम तमिळच. मला वाटलं, हसतील. हसल्या नाहीत.

“इंटरव्ह्यूमध्ये तुम्ही म्हणालात, तमिळ येतं.”

“येतं, मॅडम.”

“येतं?”

“थोडं.”

“यादी काल गेली. बस भरली. ज्या कुटुंबाला जागा दिली त्याला आता नको म्हणायचं का?”

“नाही, मॅडम. पण ही नोट तरी बदलते. उद्या कोणी वाचली तर...”

“ते व्हाइटनर खाली ठेवा.”

मी ठेवलं.

“केस नोट खोडायची नसते. चुकलं असेल तर त्याच्याखाली लिहायचं, काय चुकलं आणि कुणाचं. आणि सही करायची. त्याआधी मला एक सांगा. ती ‘त्रास नको’ म्हणाली. कसला त्रास?”

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. शब्द कळला असं वाटल्यावर विचारायचं कशाला?

त्याच दुपारी मी पुन्हा वस्तीत गेले. पाण्याची लॉरी आली होती. रंगीत प्लास्टिकच्या घागरी रांगेत लावून बायका उभ्या होत्या. सेल्वी रांगेत होती. बरंच झालं, खोलीत नव्हती. मीही तिच्या घागरीमागे उभी राहिले.

“सेल्वी अक्का, त्रास कसला?” मी सरळच विचारलं.

तिनं इकडेतिकडे पाहिलं. “तुम्ही म्हणालात, सगळ्यांनी यायचं. तो हातभर अंतरावर पडला होता. त्याच्यासमोर काय सांगू? की तुझ्यामुळे जमत नाही म्हणून?”

“आणि कविता?”

“तिला सांगितलं, यंदा सहलच नाही. तिला कळलंय, सहल आहे ते. शाळेतल्या दुसऱ्या मुली चालल्यात ना.” तिनं घागर पुढे सरकवली. “बसच्या पायऱ्या बघितल्यात तुम्ही? माझ्या गुडघ्याला लागतात. त्याला कोण चढवणार? त्याला उचललेलं आवडत नाही. त्यानं आयुष्यभर दुसऱ्याचं उचललंय.”

मी घागरीची एक बाजू धरली. खोलीपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. इतकी ओझी चढवलेला माणूस तिथं पडलाय आणि आम्ही दोघी त्याला न विचारता बसच्या पायऱ्या मोजतोय.

आत गेल्यावर मी त्याच्याजवळ बसले. सहलीचं नाव काढलं नाही.

“अण्णा, एक विचारू? जड पोतं ट्रकमध्ये कसं चढवता?”

सेल्वी माझ्याकडे बघतच राहिली. मुरुगेसन कोपरावर रेलला. दोन वर्षांत त्याच्या धंद्यातलं त्याला कोणी काही विचारलं नसावं.

“कशाचं पोतं?”

“म्हणजे?”

“कांद्याचं वेगळं, टोमॅटोचं वेगळं. कांदा फेकतात. टोमॅटो हातात देतात.” तो रंगात आला. “पुढून कधी चढवायचं नाही, मागून. एक जण वर, दोघं खाली. खालच्यानं ढकलायचं नाही, नुसतं धरायचं. वरच्यानं ओढायचं नाही, नुसतं घ्यायचं. दोघांनी जोर लावला की माल फुटतो.”

“आणि साठ किलोचा माणूस असेल तर?”

शाळेतून येऊन अभ्यासाला बसलेल्या कवितानं वही मिटली.

“पंचावन्न,” तो म्हणाला. “आता तेवढाही नसेन.” मग छताकडे बघत म्हणाला, “हात असलेली खुर्ची लागेल. प्लास्टिकची, घट्ट. दोन्ही बाजूंनी वेळू बांधायचे. माणसं माझ्या बाजारातली. तुमची कॉलेजातली पोरं नकोत, पाडतील. आणि त्यांना सांगा, मी टोमॅटो आहे. कांदा नाही.”

कविता हसली. मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

तरी बसमध्ये जागा नव्हतीच. मी मॅडमना म्हणाले, “माझी सीट द्या. मी इलेक्ट्रिक ट्रेननं येते.”

“एक झाली.”

दारातून राव काका म्हणाले, “माझीही घ्या. मला ट्रेनच बरी.”

“दोन.” मॅडमनी चष्मा काढून पुसला. “तिसरी माझी. मी भावाच्या गाडीनं येईन. आता लिहा.”

मी लिहिलं. ‘वरील नोंद चुकीची आहे. परवायिल्ल या शब्दाचा अर्थ मला माहीत नव्हता आणि मी विचारला नाही. कुटुंब येऊ इच्छिते. चूक माझी.’ आणि सही. पेन त्या दिवशी जोरात दाबलं गेलं नाही.

रविवारी सकाळी ट्रेन पकडण्याआधी मी आणि काका वस्तीत गेलो. बाजारातले तीन गडी आले होते, वंडलूरला उतरवायला ते आमच्याबरोबर ट्रेननं येणार होते. बसच्या मागच्या दारापाशी एक वर चढला, दोघांनी वेळू धरले. सूचना देणारा खुर्चीत बसलेला.

“डावीकडचा, कोपर खाली! बाजार सोडलास काय तू?”

“बोलणारा टोमॅटो पहिल्यांदाच चढवतोय, अण्णा!”

बोलता बोलता तो बसमध्ये होता. सेल्वी पदर तोंडाला लावून उभी होती. हसत होती की रडत होती, ते मी पाहिलं नाही. घाईत होते.

वंडलूरला मुरुगेसननं वाघ बघून घेतला, माकडं बघून घेतली, पण तळ ठोकला तो पाणघोड्यासमोर. तमिळमध्ये त्याला नीर्‌यानै म्हणतात, म्हणजे पाण्यातला हत्ती. आपण घोडा म्हणतो, ते हत्ती म्हणतात. मी आता असे शब्द वहीत टिपायला लागले होते. ते जनावर चिखलात पडून होतं, कान सोडला तर काही हलत नव्हतं.

“हाही माझ्यासारखाच,” मुरुगेसन म्हणाला. “दिवसभर पडून. पण याला बघायला लोक तिकीट काढतात.”

“तुला बघायला या मॅडम दोनदा आल्या, तिकीट न काढता,” सेल्वी माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली.

जेवणाच्या वेळी भेटी वाटल्या. बाकीच्यांना कुकर, शाळेची दप्तरं, साड्या. यांचं मागणीचं कार्ड शेवटपर्यंत कोरंच होतं. मी कार्ड घेऊन पुन्हा विचारलं. सेल्वी सवयीनं म्हणाली, “परवायिल्ल.”

मी पेन बंद केलं आणि तिथंच बसून राहिले. म्हटलं, बसते मी, सांगा तुम्ही सावकाश.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मुरुगेसन खुर्चीच्या हातावर थाप मारून म्हणाला, “ही मिळेल का? वेळू काढून घ्या.”

खुर्ची आमच्या ऑफिसातली होती, लाल, एका पायाला चीर गेलेली. मॅडमनी नवीन द्यायची तयारी दाखवली. तो म्हणाला, हीच द्या, हिला माझं वजन माहीत आहे.

महिन्याभरानं फॉलोअपला गेले. फॉलोअप म्हणजे काम संपल्यावर पुन्हा जाऊन बघणं, जे बहुतेक जण टाळतात. खुर्ची दारात होती आणि मुरुगेसन तिच्यात. देवळापाशी जाणं सेल्वीनं बंद केलं होतं, गिऱ्हाईक गल्लीतच येत होतं. तिथं गजरा हातानं मोजतात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. मोजायचं काम आता मुरुगेसनकडे होतं. हमालाचा हात, सेल्वीच्या हाताहून चांगला चार बोटं लांब. बायका मुद्दाम त्याच्याकडूनच मोजून घेत आणि सेल्वी आतून ओरडत होती, “अरे, हात आखड जरा!” कविता शाळेतून चालत घरी आली. धावत नाही, चालत.

यातून मी शिकले ते एवढंच. अनोळखी शब्द माणूस विचारतो, ओळखीचा वाटला की विचारत नाही, आणि फसतो तो तिथंच. तेव्हापासून केस नोटमध्ये समोरच्याचा शब्द मी आधी जसाच्या तसा लिहिते आणि अर्थ दुसऱ्या रकान्यात. तो रकाना मॅडमनी पुढे फॉर्ममध्येच छापून घेतला. नव्या पोरी विचारतात, हा कशासाठी? राव काका होते तोवर तेच सांगायचे, आणि सांगताना दर वेळी डोळ्यांतून पाणी येईतो हसायचे.

त्या वर्षीच्या सहलीची यादी अजून कपाटात आहे. छापलेली नावं बारा. तेरावं माझ्या हातानं लिहिलेलं आहे : मुरुगेसन, सेल्वी, कविता. तिघंही गेले.