दुसरी वाढली

माझ्या काकूच्या तोंडी संपलं, फुटलं, विझलं हे शब्द कधी आले नाहीत. घरातल्या वस्तूबद्दल असं अभद्र बोलायचं नाही. त्यामुळे आमच्याकडे कुंकू संपत नसे, ते वाढत असे. बांगडी वाढायची, दिवा वाढायचा. पाहुण्यांची पानंही अर्थात वाढायचीच. कुठलं वाढणं कुठलं, ते ज्याचं त्याने समजून घ्यावं.

आमच्या गावी, डोंगरकड्याला, काकांच्या भुईमुगात रानडुकरं शिरत आणि निम्मं शेत उकरून जात. बंदुकीशिवाय ती हटणार नव्हती, आणि परवान्याची शिफारस एका साहेबांच्या हातात होती. हे साहेब विलायती दारूचे मोठे जाणकार आहेत, असं ते स्वतःच सांगत. म्हणून काकांनी माझ्याकरवी हैद्राबादेहून दोन स्कॉच मागवल्या. दोन्ही एकेकाच भट्टीतल्या, मिसळ न केलेल्या. मी तिथे कॉलेजात शिकत होतो. लेबलं वाचून मला एवढंच कळलं, की एक बेटावरची आहे आणि दुसरी नदीकाठची.

साहेब दुपारी आले. बाटल्या बैठकीत नकोत, हा काकूचा हुकूम. म्हणून गडी आतून गिलास भरून आणत होता. साहेबांनी पहिला गिलास उजेडाकडे धरला, हुंगला, डोळे मिटले.

"हिच्यात धूर आहे. समुंदर पण आहे."

काकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. "व्हय," ते म्हणाले, "चुलीपुढं बसल्यावानी वाटून राहिलं."

गडी पुन्हा गिलास भरून ठेवून गेला. तेवढ्यात दाराआडून काकूचा आवाज आला, "आवो, दुसरी वाढली."

"घ्या साहेब," काका म्हणाले, "दुसरी वाढली."

साहेबांनी घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात फिरवला. "पाहा फरक. धूर गायब. हिच्यात मध आहे, थोडी नाशपाती. ही शरीफ खानदानाची. पहिली बराबर होती, पण जरा रांगडी."

"मध व्हय, मध," काका म्हणाले.

"बाटली आणा. लेबल पाहू."

काकांनी आत हाक मारली. गडी सूप घेऊन आला. सुपात ओल्या काचा होत्या.

"मघाच सांगितलं न्हाई का," काकू दाराआडून म्हणाली, "वाढली म्हणून? मांजरानं घडवंचीवरून पाडली."

काकांना समोर डुकरं दिसली असावीत. ते घाईने म्हणाले, "वाढायच्या आधी साहेबांच्या गिलासात आली, हे बरं झालं."

"न्हाई मालक," गडी म्हणाला, "हिचं तर बूच बी काढलं नव्हतं." त्याने बुचासकट गळा उचलून दाखवला.

साहेबांनी गिलासात पाहिलं, मग छताकडे. "वास," ते शेवटी म्हणाले. "फुटली तिचा वास घरभर येऊन राहिला. तो गिलासात उतरला."

"बराबर," काका म्हणाले. मीही मान हलवली.

शिफारस आठवड्याच्या आत झाली. ही हकीकत कळमनुरीच्या बाजारापर्यंत जाऊ नये, एवढीच साहेबांची इच्छा असावी. ते पुन्हा आमच्याकडे फिरकले नाहीत.

बंदूक आली. काका मोठ्या थाटात शेतावर राखणीला गेले आणि सकाळी मागच्या दाराने परतले.

"काडतुसं?" काकूने विचारलं.

"वाढली."

"आन् डुकरं?"

काका पायातले जोडे काढत होते. "ती बी वाढली," ते म्हणाले.